विष नेमके कुठे आहे? प्लाझ्मा एक्स्चेंजचा इतिहास

१/
२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यातील कपाशी नेहमीपेक्षा उंच आणि दाट वाढली होती. खांद्याला, कुठे कुठे डोक्याला लागणाऱ्या त्या पिकातून पाठीवर पंप घेऊन चालणाऱ्या शेतकऱ्यांच्या आणि मजुरांच्या अंगावर, डोळ्यांत आणि श्वासात कीटकनाशकाचे तुषार उतरत राहिले. दृष्टी धूसर होणे, उलट्या, घाम, श्वास अडकणे अशी लक्षणे घेऊन शेकडो जण रुग्णालयांत पोहोचले. ऑक्टोबरपर्यंत जिल्ह्यात २० हून अधिक माणसे दगावली होती.

२/
‘रक्तात विष भिनले’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे जुना आहे. त्याच्या मागोमाग एक प्रश्न येतो: मग ते रक्त काढून, धुऊन, परत घालता येणार नाही का? प्रश्न भाबडा वाटतो, पण तसा तो नाही. वैद्यकशास्त्राने शंभर वर्षांपूर्वी स्वतःला जवळजवळ याच शब्दांत हा प्रश्न विचारला होता, आणि त्याच्या उत्तरातून प्लाझ्मा एक्स्चेंज हा उपचार घडला. पांढरकवड्याच्या कपाशीत फवारणी करणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग होतो का, हे समजायचे तर आधी हा इतिहास पाहावा लागतो.

३/
रक्त म्हणजे दोन गोष्टींचे मिश्रण. एक पेशी: लाल, पांढऱ्या आणि गोठण्यास मदत करणाऱ्या बिंबिका. दुसरा, त्या ज्यात तरंगतात तो पिवळसर द्रव, म्हणजे प्लाझ्मा. रक्ताच्या निम्म्याहून थोडा अधिक भाग हा द्रवच असतो. साठ किलोच्या माणसात तो सुमारे अडीच लिटर भरतो. त्यात पाणी, क्षार, अल्ब्युमिनसारखी प्रथिने, रक्त गोठवणारे घटक आणि रोगजंतूंशी लढणारी प्रतिपिंडे असतात. प्लाझ्मा एक्स्चेंजमध्ये रक्त शरीराबाहेर आणून पेशी आणि द्रव वेगळे करतात, द्रव टाकून देतात, त्याच्या जागी अल्ब्युमिनचे द्रावण किंवा दात्यांचा प्लाझ्मा मिसळतात आणि पेशी रुग्णाला परत देतात.

४/
रक्त काढून आजार बरा करण्याची कल्पना प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेत जळवा लावून करायच्या रक्तमोक्षणाचे सविस्तर वर्णन आहे, आणि युरोपात एकोणिसाव्या शतकापर्यंत शीर कापून रक्त सोडणे हा रोजचा उपचार होता. पण त्या साऱ्या पद्धतींत रक्त जसेच्या तसे वाहून जात असे. दोषी कोण आणि निर्दोष कोण, याची निवड नव्हती. ती निवड प्रथम प्रयोगशाळेत झाली, आणि गंमत अशी की तिथेही जळू हजर होती.

५/
बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉन जेकब एबल हे औषधशास्त्रज्ञ कृत्रिम मूत्रपिंड बनवण्याच्या खटपटीत होते. शरीराबाहेर आलेले रक्त गोठू नये म्हणून ते जळवांच्या डोक्यातून मिळणारे हिरुडिन वापरत. त्यासाठी जळवा ढिगाने लागत आणि त्या युरोपातून येत. १९१४ साली एबल, राउंट्री आणि टर्नर यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. कुत्र्याचे रक्त काढायचे, पेशी वेगळ्या करायच्या, त्या क्षारद्रावणात मिसळून परत घालायच्या, आणि हे पुन्हा पुन्हा करायचे. एरवी जितके रक्त गेले तर प्राणी मरेल त्याहून कितीतरी अधिक द्रव काढूनही कुत्री जगली, कारण पेशी परत मिळत होत्या. या क्रियेला त्यांनी ‘प्लाझ्माफेरेसिस’ असे नाव दिले. ‘अफेरेसिस’ म्हणजे ग्रीक भाषेत काढून घेणे. त्याच सुमारास रशियातही युरेविच आणि रोझेनबर्ग स्वतंत्रपणे याच वाटेने चालले होते.

६/
नंतर पहिले महायुद्ध आले. युरोपातून जळवा येणे अवघड झाले आणि काम मागे पडले. गोठणे थांबवणारे हेपारिन त्याच विद्यापीठात १९१६ साली हाती लागले, पण ते माणसांसाठी सहज वापरता येईपर्यंत आणखी दोन दशके गेली.

७/
पुढचा मोठा टप्पा दुसऱ्या महायुद्धाचा. हार्वर्डचे एडविन कोन यांनी प्लाझ्मातील प्रथिने एकेक करून वेगळी करण्याची पद्धत बसवली. रणांगणावर नेण्यासारखे, टिकाऊ अल्ब्युमिन त्यातून मिळाले आणि १९४१ मध्ये पर्ल हार्बरच्या जखमींना ते दिले गेले. आज प्लाझ्मा एक्स्चेंजमध्ये काढलेल्या द्रवाच्या जागी बहुतेकदा हेच अल्ब्युमिन जाते. पुढे १९५० च्या दशकाच्या आरंभी कोन यांनी रक्ताचे घटक वेगळे करणारे फिरते यंत्रही बनवले. त्यामागचे तत्त्व दुग्धव्यवसायातले होते. दुधातून साय वेगळी करणारे स्वीडनच्या गुस्ताफ द लावाल यांचे सेपरेटर जगभरच्या डेअऱ्यांत फिरतच होते. जड ते बाहेरच्या कडेला, हलके ते मध्याकडे. रक्तात जड असतात त्या लाल पेशी, आणि सायीच्या जागी हाती येतो तो प्लाझ्मा.

८/
तरीही हे काम रुग्णासाठी फार संथ होते. १९६० साली अमेरिकेत श्वाब आणि फाहे यांनी वाल्डेनश्ट्रोम नावाच्या विकारातील रुग्णांवर हा उपचार करून दाखवला. त्या विकारात एक अजस्र प्रथिन इतके साठते की रक्त काकवीसारखे दाट होते, नजर जाते, नाकातून रक्त येते. उपचार कसा, तर एक पिशवी रक्त काढा, यंत्रात फिरवा, वरचा द्रव टाका, पेशी परत चढवा, मग दुसरी पिशवी. तासन्‌तास. पण रक्त पातळ झाले आणि रुग्ण सुधारले. दोषी पदार्थ प्लाझ्मातच, मोठ्या प्रमाणात आणि बहुतांशी रक्तवाहिन्यांच्या आतच असल्यामुळे हे साधले. पुढच्या साऱ्या इतिहासाची किल्ली या एका उदाहरणात आहे.

९/
संथपणा घालवला तो एका वडिलांनी. आयबीएममधील अभियंता जॉर्ज जडसन यांच्या मुलाला रक्ताचा कर्करोग झाला. उपचारांच्या निमित्ताने अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत जाता-येता त्यांना तिथली रक्तपेशी वेगळ्या करण्याची खटाटोपाची रीत दिसली, आणि त्यांनी स्वतःहून मदतीचा प्रस्ताव ठेवला. डॉ. एमिल फ्रायराईख यांच्याबरोबर त्यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यास अखंड चालणारे यंत्र तयार केले. एका हातातून रक्त बाहेर, यंत्रात फिरून, दुसऱ्या हातातून आत. हेतू होता पांढऱ्या पेशी मिळवण्याचा. प्लाझ्मा सहज काढता येऊ लागला, हा त्याचा आनुषंगिक लाभ.

१०/
१९७० च्या दशकात आजारांकडे पाहण्याची दृष्टीही बदलत होती. शरीराची प्रतिकार यंत्रणा कधी कधी आपल्याच अवयवांविरुद्ध प्रतिपिंडे बनवते, हे स्पष्ट झाले होते. ही प्रतिपिंडे राहतात प्लाझ्मात. म्हणजे घरभेदी कुठे लपला आहे ते ठाऊक होते आणि त्याला बाहेर काढणारे यंत्रही हाताशी होते. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील लॉकवूड आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये फुप्फुसे आणि मूत्रपिंडे एकदम नासवणाऱ्या गुडपाश्चर विकारात त्याचा वापर केला. पुढच्याच वर्षी लंडनमध्येच मायस्थेनिया या स्नायू थकवणाऱ्या आजारात पापण्या न उचलता येणारे रुग्ण काही दिवसांत सुधारताना दिसले.

११/
एका वेळेत सारी प्रतिपिंडे का निघत नाहीत? रांजणात गढूळ पाणी आहे. खालून तोटी सोडली आणि वरून त्याच वेगाने स्वच्छ पाणी ओतले, तर रांजणभर पाणी ओतूनही सगळा गढूळपणा जात नाही, कारण ओतलेल्या स्वच्छ पाण्याचाही काही भाग तोटीतून निघून जातो. हिशेबाने एका फेरीत साधारण ६३ टक्के निघते. शिवाय निम्म्याहून अधिक प्रतिपिंडे रक्तवाहिन्यांच्या बाहेर, ऊतींमध्ये असतात. ती दोन दिवसांत पुन्हा रक्तात झिरपतात. म्हणून सहसा एक दिवसाआड पाच फेऱ्या करतात. आणि कारखाना चालूच असेल तर नुसता माल उचलून भागत नाही. बऱ्याच आजारांत प्रतिपिंडे बनणे थांबवणारी औषधे जोडीला द्यावी लागतात.

१२/
यश दिसू लागताच अतिउत्साह आला. सांधेदुखीपासून ल्युपसपर्यंत ज्या ज्या आजारात प्रतिपिंडांचा संशय होता तिथे हे यंत्र लावले गेले. यंत्र मोठे, आवाज करणारे, पिशवीत साठणारा पिवळा द्रव डोळ्यांना दिसणारा. ‘घाण निघाली’ असे रुग्णालाही वाटते आणि डॉक्टरलाही. अशा दिखाऊ उपचाराची पारख करायची तर चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निव्वळ योगायोगाने रुग्णांचे दोन गट करावे लागतात. ल्युपसमुळे मूत्रपिंडे बिघडलेल्या ८६ रुग्णांवर तशी चाचणी झाली. १९९२ मध्ये निष्कर्ष आला की प्लाझ्मा काढल्याने काहीही अधिक लाभ झाला नाही. आजार प्रतिपिंडांचाच होता, प्रतिपिंडे निघतही होती; तरी रुग्णाला फरक पडला नाही. तर्क अगदी बिनतोड असूनही उपचार निरुपयोगी ठरू शकतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात क्वचित सापडते.

१३/
उलट उदाहरण टीटीपी या विकाराचे. न्यूयॉर्कचे एली मॉश्कोविच यांनी १९२४ मध्ये एका सोळा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या निमित्ताने त्याचे वर्णन केले. शरीरभर सूक्ष्म रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात, बिंबिका संपतात, मेंदू आणि हृदयाला इजा होते. पूर्वी दहापैकी नऊ रुग्ण दगावत. १९९१ साली कॅनडातील १०२ रुग्णांच्या चाचणीत नुसता प्लाझ्मा देण्यापेक्षा प्लाझ्मा बदलणे सरस ठरले. सहा महिन्यांनंतर ६३ विरुद्ध ७८ टक्के रुग्ण जिवंत होते. हा उपचार नेमका का चालतो हे नंतर कळले. रुग्णाच्या रक्तात एका आवश्यक विकराला नष्ट करणारी प्रतिपिंडे असतात. जुना प्लाझ्मा काढल्याने ती जातात आणि दात्याच्या प्लाझ्मातून तो विकर मिळतो.

१४/
महाराष्ट्राला या उपचाराचे नाव घरोघरी कळले ते जानेवारी २०२५ मध्ये. पुण्याच्या सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, खडकवासला, धायरी या पट्ट्यात गुलेन-बारे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे रुग्ण अचानक वाढले. एरवी लाखात एखाद-दुसऱ्याला वर्षभरात होणारा हा आजार. इथे काही आठवड्यांत पुणे परिसरातील रुग्णसंख्या दोनशेच्या वर गेली. संशय पिण्याच्या पाण्यावर होता. रुग्णांच्या शौच नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला.

१५/
१९१६ मध्ये गुलेन, बारे आणि श्ट्रोल या तीन फ्रेंच लष्करी डॉक्टरांनी दोन सैनिकांच्या आजाराचे वर्णन केले होते. (श्ट्रोल यांचे नाव पुढे का कोण जाणे गळून पडले.) पोट बिघडते, बरे होते, आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी पायांत मुंग्या येऊन बळ जाऊ लागते. अशक्तपणा पायांतून वर चढत जातो. कॅम्पायलोबॅक्टरच्या आवरणावरील साखरेसारखे रेणू मज्जातंतूंच्या आवरणावरील रेणूंशी मिळतेजुळते असतात. जिवाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे मग आपल्याच मज्जातंतूंवर तुटून पडतात. सुमारे पाचातील एका रुग्णाचे श्वसनाचे स्नायूही ढिले पडतात आणि त्याला व्हेंटिलेटर लागतो.

१६/
इथे प्लाझ्मा एक्स्चेंजचा पुरावा भक्कम आहे. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेतील चाचणीत २४५ रुग्ण होते. आधाराशिवाय चालू लागायला नेहमीच्या शुश्रूषेत मध्यमानाने ८५ दिवस लागले, प्लाझ्मा बदललेल्यांना ५३. आजार सुरू झाल्यापासून सात दिवसांच्या आत उपचार मिळालेल्यांना लाभ अधिक होता. मग १९९२ मध्ये नेदरलँड्समधून पर्याय आला: हजारो दात्यांच्या प्लाझ्मातून काढलेली प्रतिपिंडे, म्हणजे आयव्हीआयजी, शिरेतून द्यायची. १९९७ च्या सुमारे ३८० रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत दोन्ही उपचार तुल्यबळ ठरले. एकामागून एक दोन्ही दिल्याने वेगळा फायदा झाला नाही.

१७/
तुल्यबळ असले तरी दोन्ही सारखे सोपे नाहीत. आयव्हीआयजी सलाईनसारखी लावता येते, पण वजनाच्या किलोमागे दोन ग्रॅम लागते. साठ किलोच्या माणसाला १२० ग्रॅम. पुण्यातील साथीत एका इंजेक्शनची किंमत २०,००० रुपयांच्या घरात असल्याची वृत्ते येत होती, आणि अशी कितीतरी इंजेक्शने एकेका रुग्णाला लागत होती. शेवटी शासन आणि महापालिकेला खर्चाची हमी घ्यावी लागली. प्लाझ्मा एक्स्चेंज आपल्या देशात साधारणपणे त्याहून स्वस्त पडते. पण त्याला यंत्र, मोठ्या शिरेत घातलेली नळी, अल्ब्युमिन आणि सरावलेले हात लागतात. गोठणे थांबवणाऱ्या सायट्रेटमुळे रक्तातील कॅल्शियम उतरून ओठांना मुंग्या येतात, रक्तदाब पडू शकतो, नळीतून जंतुसंसर्ग होऊ शकतो. एकदा चालू करून सोडून देण्यासारखा हा उपचार नव्हे.

१८/
इथे एक गल्लत दूर करायला हवी. करोनाकाळात गाजलेली ‘प्लाझ्मा थेरपी’ वेगळी. तिच्यात बऱ्या झालेल्या माणसाचा प्लाझ्मा रुग्णाला दिला जाई; रुग्णाचा काढला जात नसे. महाराष्ट्राने जून २०२० मध्ये ‘प्लॅटिना’ नावाचा मोठा प्रकल्पही सुरू केला होता. आयसीएमआरच्या ३९ रुग्णालयांतील ४६४ रुग्णांच्या चाचणीत मात्र त्या उपचाराने मृत्यू कमी झाले नाहीत, आणि मे २०२१ मध्ये तो राष्ट्रीय उपचारसूचीतून वगळला गेला.

१९/
आता पुन्हा २०१७ ची कपाशी. मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशके मज्जातंतू आणि स्नायू जिथे भेटतात तिथल्या कोलिनेस्टरेज या विकराला जाऊन चिकटतात. विष रक्तातून तिथे पोहोचते हे खरे, पण रक्तात ते वाटसरू असते, रहिवासी नव्हे. यातील कित्येक द्रव्ये शरीराच्या चरबीतही मुरतात. प्लाझ्मा बदलला तरी बिघाड झालेली जागा तशीच राहते. म्हणून उपचार म्हणजे ॲट्रोपिन, श्वासाला आधार, अंग आणि कपडे स्वच्छ करणे, आणि दिवसरात्र लक्ष.

२०/
प्लाझ्माचा विचार या विषबाधेतही झालाच नाही असे नाही. दात्याच्या प्लाझ्मात त्याच कुळातला एक विकर असतो. तो विषाला मध्येच पकडेल अशी आशा होती. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या ६० रुग्णांच्या चाचणीत प्लाझ्मा दिलेल्यांच्या रक्तात तो विकर वाढला, पण रुग्णांची स्थिती त्यामुळे सुधारली नाही. त्याच संस्थेत उंदरांच्या औषधातील पिवळ्या फॉस्फरसमुळे यकृत निकामी झालेल्या रुग्णांवर कमी प्रमाणातील प्लाझ्मा एक्स्चेंजचा अनुभव मात्र आशादायक आहे. तिथे फॉस्फरस काढायचा नसतो. यकृत कोसळल्यावर रक्तात साचणारे हानिकारक पदार्थ उपसायचे असतात. युरोपातील १८२ रुग्णांच्या २०१६ च्या चाचणीतही तीव्र यकृतनिकामीत प्लाझ्मा बदलल्याने रुग्णालयातून जिवंत घरी जाणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ४८ वरून ५९ टक्क्यांवर गेले होते.

२१/
घोणस चावल्यावर मूत्रपिंडे बिघडली तर काही ठिकाणी प्लाझ्मा बदलून पाहतात; पण त्याने जीव वाचतो असा भरवशाचा पुरावा नाही. तिथे खरे औषध प्रतिविषच, आणि ते वेळेत. ते प्रतिविष घोड्यांच्या प्लाझ्मातून काढतात, आणि आधुनिक पद्धतीत घोड्याच्या लाल पेशी घोड्याला परत देतात. म्हणजे एबल यांनी कुत्र्यांवर केले तेच.

२२/
यवतमाळात २०१७ मध्ये कोणते प्रगत यंत्र कमी पडले, असा प्रश्न विचारला तर उत्तर निराळेच येते. जिल्ह्यात कोलिनेस्टरेजच्या साध्या रक्ततपासणीची सोय नसल्याचा मुद्दा त्या वेळी ठळकपणे पुढे आला होता. कोणत्या रसायनाने बाधा झाली आहे हेच पुष्कळदा डॉक्टरांपुढे स्पष्ट नव्हते, कारण शेतात दोन-तीन द्रव्ये एकत्र मिसळून फवारली जात होती. रक्त धुण्याचे यंत्र असते तरी या अडचणीवर त्याचा उतारा नव्हता.

२३/
जीबीएसचे मात्र तसे नाही. तो पुण्यातच होतो असा नियम नाही. दूषित पाणी कुठेही असू शकते. केळापूर तालुक्याचे मुख्यालय असलेले पांढरकवडा नागपूर–हैदराबाद महामार्गावर आहे. नागपूर उत्तरेला सुमारे दीडशे किलोमीटर, आणि दक्षिणेला पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद जिल्हा. प्लाझ्मा बदलणारी यंत्रे मोठ्या शहरांत असतात आणि सात दिवसांचा तो लाभ पहिल्या मुंग्यांपासून मोजला जातो. ‘अशक्तपणा आहे, दोन सलाईन लावू’ यात त्यातले तीन-चार दिवस सहज जातात.

२४/
बांगलादेशात हीच अडचण होती. ढाक्यातील संशोधकांनी २०१८ मध्ये २० जीबीएस रुग्णांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. यंत्र नाही. रुग्णाचे थोडे रक्त पिशवीत घ्यायचे, पिशवी टांगून ठेवायची, पेशी आपल्या वजनाने तळाशी बसू द्यायच्या, वरचा प्लाझ्मा टाकून पेशी परत द्यायच्या. दिवसातून अनेकदा, आठ दिवस. ही रीत सुरक्षितपणे करता येते असे दिसले, आणि खर्च नेहमीच्या उपचारांच्या अगदी लहान हिश्श्याइतका आला. ती यंत्राइतकी गुणकारी आहे का, हे वीस रुग्णांवरून ठरत नाही. त्याला मोठी चाचणी हवी.

२५/
तोवर तालुक्याच्या रुग्णालयात दोन गोष्टी विनाखर्च करता येतात. एक, गुडघ्यावर हातोडी मारून पाहणे. जीबीएसमध्ये पाय सहसा उडत नाही. दुसरी, रुग्णाला खोल श्वास घेऊन त्याच एका श्वासात एक, दोन, तीन असे आकडे मोजायला सांगणे. वीसच्या आतच दम संपला तर श्वसनाचे स्नायू थकू लागले आहेत असे धरावे आणि रुग्णवाहिका तेव्हाच मागवावी. अशा रुग्णासोबत नुसता ऑक्सिजनचा सिलिंडर पुरत नाही. वाटेत श्वास थांबलाच तर नळी घालू शकणारे कोणीतरी त्या गाडीत बसलेले असावे लागते.